डोक्यावर माती घेऊन

११ एप्रिल १८६२

खुंट्या पुन्हा गेल्या.

काल दिवसभर खपून मी नदीकाठच्या वाळुंजाच्या झाडापासून गावच्या रस्त्यापर्यंत ओळीने ठोकल्या होत्या. ओकच्या खुंट्या. प्रत्येक मी स्वतः तासलेली, टोक विस्तवात धरून काळं केलेलं, म्हणजे जमिनीत कुजू नये, आणि माथ्यावर आकडा कोरलेला. आज सकाळी बघतो तर एकही जागेवर नाही. नुसती भोकं. भोकंसुद्धा टाचेने दाबून बुजवलेली, म्हणजे चोरी करून वर नीटनेटकेपणा. दुपारी मेहुण्याच्या घरावरून येत होतो तर त्याच्या धुराड्यातून ओकचा धूर. या गावात ओक जाळण्याची ऐपत कोणाची?

गेरासिम दारातच उभा होता. माझ्या बायकोचा थोरला भाऊ, त्यात गावचा मुकादम, म्हणून त्याच्या जिभेला दुप्पट धार.

"या दाजी, या. पाय शेकून घ्या. यंदा सरपण बरं मिळालंय."

"ते सरपण नाही, हद्द आहे."

"असेल. ऊब मात्र चांगली देते."

हे लिहून ठेवतो आहे ते एवढ्याचसाठी की जे जसं झालं ते तसं कुठेतरी राहावं. या गावात सकाळच्या एका गोष्टीच्या संध्याकाळी तीन झालेल्या असतात. मला अक्षरं कोणी शिकवली नाहीत आणि मोजणीही कोणी शिकवली नाही. लहानपणी एका शहरी मोजणीदाराची साखळी ओढत उन्हाळाभर फिरलो, तो काय करतो ते बघितलं. पुढे हवेलीच्या माळ्यावर मोजणीचं पितळी यंत्र गंजत पडलेलं सापडलं, ते व्हिनेगरने घासून साफ केलं आणि वापरायला लागलो. आज या टापूत माझ्याइतकी सरळ रेघ आखणारा दुसरा माणूस नाही. ही बढाई नाही. दुसरा कोणी रेघ आखतच नाही.

१३ एप्रिल

बाईसाहेबांनी बोलावून कॉफी दिली. म्हणजे मी उभाच होतो, पण कप चिनीमातीचा होता.

यूलिया पाव्लोव्ना बाईसाहेब आमच्या मालकीण. गेल्या वर्षी उपासाच्या दिवसांत पाद्र्याने चर्चमध्ये झारचा जाहीरनामा वाचला, तेव्हापासून खरं तर माणसाने माणसाचं मालक असणं बंद झालं आहे, पण जिभेचं वळण एका वर्षात जात नाही. आता गावकरी जी जमीन आपल्या पोटासाठी कसत होते ती त्यांच्याकडे राहायची, हवेलीची हवेलीकडे. मधली हद्द आखायची, करारनामा लिहायचा, मग सरकारी मध्यस्थ येऊन त्यावर दोन्हीकडच्या सह्या घेणार. गावकऱ्यांच्या बाबतीत सह्या म्हणजे फुल्या.

आम्हा हवेलीतल्या चाकरांना जमीन नाही. कायद्यात तसं स्पष्ट आहे आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. नांगर न धरलेल्या माणसाला जमीन कशाला? येत्या फेब्रुवारीपर्यंत चाकरी करायची, मग मोकळे. मोकळं होऊन जायचं कुठे हा प्रश्न इतरांना पडला असेल. मला बाईसाहेबांनी फळबागेजवळचं छोटं घर द्यायचा शब्द दिला आहे. दोनदा दिला आहे. एकदा नाताळात आणि एकदा मी आठवण केली तेव्हा.

जुना नकाशा कचेरीला आग लागली त्यात गेला, म्हणून मी पुन्हा विचारून घेतलं, की नदीकडून रेघ नक्की कुठून सुरू करायची?

"वाळुंजापासून, कन्द्राती. आमच्या ह्यांना पक्कं ठाऊक होतं."

"गावकरी फुटक्या धोंड्यापासून म्हणतात."

"गावकरी उद्या चंद्रही आपलाच म्हणतील. तू जाणता माणूस आहेस, तुला मी काय सांगायचं?"

बरोबर आहे. आरंभाचा बिंदू मोजणीदाराने ठरवायचा नसतो, तो त्याला दिला जातो. बिंदू मिळाला की पुढची रेघ माझी, आणि माझ्या रेघेत केसाचा फरक सापडायचा नाही. आणि भानगड तरी केवढी? रस्त्याच्या टोकाला दोन्ही रेघा एकाच दगडी क्रुसापाशी मिळतात. तिथून नदीकडे फाकतात. मध्ये कुरणाची एक पाचर राहते, तिच्यातून गावची गुरं पाण्यावर जातात. एवढ्याशा गवतासाठी एवढा तमाशा.

नव्या खुंट्या तासायला घेतल्या.

१९ एप्रिल

गावकीपुढे उभा राहून घसा बसेपर्यंत समजावलं. फुल्या मारा. नाही मारल्या तरी करारनामा लागू होणारच, मग निदान मारून चांगलं म्हणवून घ्या. तर म्हणे, ज्याने कागदाला हात लावला तो पुन्हा वेठीला गेला. खरी मुक्ती अजून वाटेत आहे. सोनेरी अक्षरांत, झारने स्वतःच्या हाताने लिहिलेली, आणि ती अधिकाऱ्यांनी दाबून ठेवली आहे. मी विचारलं, कोणी पाहिली? तर एका शिपायाने जत्रेत पाहिली. कुठला शिपाई? एका डोळ्याचा.

अशा लोकांना मोजणी समजावायची.

मग नऊम आजोबा उठले. गावातलं सगळ्यात जुनं खोड, दोन्ही डोळे गेलेले. म्हणाले, थोरल्या मालकांनी आपली शेती आणि गावची शेती वेगळी केली तेव्हा हद्दीवर खड्डे खणून त्यात कोळसा आणि दगड पुरले, सरकारी मोजणीत पुरतात तसे. कोळसा कुजत नाही म्हणून. आणि गावातल्या पोरांना एकेका खड्ड्यापाशी आडवं घालून फोकाने झोडलं, जागा जन्मभर ध्यानात राहावी म्हणून.

"मी त्यातला शेवटचा उरलोय, कन्द्राती. माझ्या पाठीला विचार हद्द कुठनं जाते ते. क्रुसापासनं लव्हाळ्यांच्या दलदलीच्या अलीकडनं थेट फुटका धोंडा."

"आजोबा, पाठीवर अंश कोरलेले नसतात."

"नसतात. वळ असतात."

सगळे हसले. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी म्हणालो, एवढं पक्कं आहे तर खणून दाखवा कोळसा.

"आणि मग म्हणाल, तुम्हीच पुरला," गेरासिम म्हणाला. "दाजी, एक सांगा. पाण्याची वाट हवेलीची झाली, की गुरं पाण्यावर न्यायला रोज परवानगी मागायची. परवानगी फुकट मिळते का? आठवड्यातनं तीन दिवस त्यांच्या शेतात राबायचं, तेव्हा गाय पाणी पिणार. मग सुटलो कशातनं?"

"वेठ कायद्यानेच जाणार आहे. मी तुम्हाला कलम वाचून दाखवतो."

"गाईला दाखवा वाचून."

२३ एप्रिल

आज संत येगोरीचा दिवस. हिवाळाभर गोठ्यात कोंडलेली गुरं बायका कोवळ्या फांद्यांनी हाकत पहिल्यांदा बाहेर काढतात. मी आदल्या दिवशी जाऊन बजावलं होतं की पाचरीत शिरू देऊ नका, रेघ झालेली आहे. गुरांनी ऐकलं नाही. गुरं दरसाल जातात तशी माझ्या नव्या खुंट्यांवरून सरळ पाण्याकडे गेली. त्यात पेस्त्रूखा ही गेरासिमची कबरी गाय दोन नंबरच्या खुंटीला निवांत अंग घासत उभी राहिली. खुंटी वाकडी झाली.

मग हवेलीच्या रखवालदारांनी पाच गाई धरून कोंडवाड्यात घातल्या. हे मात्र मला अगोदर सांगितलेलं नव्हतं. सोडवायची अट अशी ठरली की प्रत्येक गाईमागे घरातल्या एका माणसाने पेरणी संपेपर्यंत हवेलीच्या शेतात यायचं. माझी बायको उस्तीन्या हवेलीच्या धुण्यावर असते. तिथून तिला कोंडलेल्या गाई हंबरताना ऐकू येत होत्या. कासा फुटायला आल्या होत्या, बायकांना धारा काढायला आत सोडत नव्हते.

जेवताना तिने वाडगा माझ्यापुढे ठेवला, जरा जोरातच.

"तुमची रेघ फार सरळ आलीय म्हणे."

"आलीच आहे."

"हो ना. गाईंनासुद्धा कळली."

मी सांगितलं की रेघ आणि कोंडवाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेघ आखणारा गाई धरत नाही. ती भांडी आवरायला उठली. बायकांना तर्काने समजावू बघणं हा वेळेचा अपव्यय आहे, आणि माझा वेळ आधीच खुंट्या तासण्यात जातो आहे.

२ मे

आता मात्र हद्द झाली.

गावकीचा निरोप आला. करारनाम्यावर सगळे फुल्या मारतील. अट एकच. मी माझी रेघ डोक्यावर माती घेऊन चालायची.

ज्याला ही चाल ठाऊक नसेल त्याच्यासाठी लिहितो. दोन बाजूंत हद्दीचं भांडण मिटेना झालं की एक माणूस गवतासकट मातीची ढेप कापून डोक्यावर घेतो आणि हद्द चालून दाखवतो. धरणीमाता डोक्यावर असताना माणूस खोटं चालणार नाही अशी समजूत. चाललाच तर वर्षाच्या आत माती त्याला पोटात घेते. त्याच्या पावलांवर खुंट्या ठोकायच्या आणि दोन्ही बाजूंनी तोंड मिटायचं. आमच्याकडे हे कोणी केलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मी गेरासिमला म्हणालो, माझ्याकडे पितळी यंत्र आहे, साखळी आहे, अंश आहेत, आणि तुम्ही माझ्या टाळक्यावर चिखल ठेवून सत्य शोधणार?

"यंत्राला मरणाची भीती नाही, दाजी. तुम्हाला असेल."

"तुमचाच माणूस का नाही चालत मग?"

"आमचा चालला तर बाई म्हणणार, आमचा. तुम्ही त्यांचे आहात. आणि उस्तीन्याचेही आहात."

मला वाटलं होतं बाईसाहेब चिडतील. त्या हसून हसून बेजार झाल्या. "अरे मग चाल की. गवताची टोपी घाल, फिरून ये, आणि झालं मोकळं." मध्यस्थ शुब्निकोव साहेब त्या दिवशी हवेलीतच जेवायला होते. तरुण माणूस, चष्मा, मला 'तुम्ही' म्हणतो. त्यांना ही चाल फार मनोरंजक वाटली. दोन्ही बाजूंना मान्य असेल तर मी स्वतः साक्षीला येईन, म्हणाले. बाईसाहेबांनी त्यांच्यासमोर मान्य केलं, गावकीनेही केलं. संत निकोलाचा दिवस ठरला.

मला कोणी विचारलं नाही. मी अर्थातच तयार आहे. न्यायची काय, मातीच ती.

५ मे

आज मुद्दाम दलदलीकडे गेलो. शंका म्हणून नव्हे. नऊम आजोबांचं तोंड एकदाचं बंद करावं आणि माझ्यासारख्या माणसाने प्रत्येक गोष्ट तपासलेली असावी, म्हणून. त्यांनी सांगितलेल्या जागी कुदळ घातली. वरची माती गेल्यावर खाली कोळसा लागला. बर्चचा कोळसा, सारख्या जाडीचा थर, त्याखाली दगड, एक मधोमध आणि चार चार कोपऱ्यांना.

कधीकाळच्या गुराख्याची शेकोटी असणार. थंडीत शेकोट्या पेटवतातच. दगड आडोशाला लावले असतील.

शेकोटीवर नंतर एवढी माती कशी चढली याचं स्पष्टीकरण नदीच्या पुरात मिळू शकतं.

घरी आलो तर उस्तीन्याने विचारलं, काय सापडलं? म्हणालो, काही विशेष नाही. ती माझ्या नखांकडे बघत राहिली आणि मग न विचारता हात धुवायला गरम पाणी दिलं.

७ मे

शेकोटीचं बाईसाहेबांच्या कानावर घालणं माझं काम होतं, म्हणून घातलं. त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "बुजवलंस ना?"

मी म्हणालो, नाही.

"मग बुजव, कन्द्राती. उगाच गुरांचा पाय मोडेल." आणि जाताना आपणहून म्हणाल्या की छोट्या घराचं छत उन्हाळ्यात दुरुस्त करून घेऊ.

म्हणजे शब्द आता तिसऱ्यांदा झाला. जाऊन बुजवलं. वर गवत नीट बसवलं. मी कुठलंही काम अर्धवट करत नाही.

झोप मात्र नीट नाही. उस्तीन्याने कोबीचं सार फार आंबट केलं होतं.

९ मे, संत निकोलाचा दिवस

हात अजून भरलेले आहेत, ढेपेच्या वजनाने. अक्षर बिघडलं तर त्याचं कारण हे.

सकाळीच सगळं गाव क्रुसापाशी जमलं होतं. माझ्या खुंट्या पहिल्यांदाच जिथल्या तिथे होत्या. एकीलाही कोणी हात लावलेला नव्हता, उलट दोन वाकलेल्या कोणीतरी सरळ करून ठेवल्या होत्या. मला ते आवडलं नाही, का ते सांगता येत नाही. बाईसाहेब वाळुंजाखाली बग्गीत, छत्री घेऊन. शुब्निकोव साहेब चालत, हातात टाचणवही. ढेप गेरासिमने कापली होती, आणि मुद्दाम मोठी कापली होती. पावसाने भिजलेली. डोक्यावर ठेवताना तो पहिल्यांदाच काही टोचून बोलला नाही. नऊम आजोबा चाचपडत पुढे आले, त्यांनी माझ्या कोटाची गुंडी हाताने शोधून काढली आणि म्हणाले, "सावकाश चाल, पोरा. आम्हाला घाई नाही." कोणीतरी कुजबुजलं, टोप्या काढा. माझ्यामागे सगळ्यांनी टोप्या काढल्या.

मी निघालो.

आता पुढचं नीट नोंदवणं आवश्यक आहे, कारण या बाबतीत गावभर जे बोललं जातं आहे ते निखालस चूक आहे.

डोक्यावर ओल्या मातीची ढेप असेल तर मान खाली करता येत नाही. केली तर ढेप पडते. पडली तर पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या कडेची मुळं डोळ्यांवर लोंबत होती आणि चिखल कपाळावरून ओघळून डोळ्यांत जात होता. अशा स्थितीत माणसाला खुंट्या दिसत नाहीत. माझ्या खुंट्या गुडघ्याएवढ्या आहेत, गवत त्याहून उंच. हे कोणीही करून पाहावं. म्हणजे माणूस फक्त पायांवर चालतो. आणि या पायांनी लहानपणी, हवेलीत नेण्यापूर्वी, आईची गाय रोज याच कुरणातून पाण्यावर नेलेली आहे. पायांना जे वळण असतं ते असतं. यात धरणीमातेचा, भीतीचा किंवा आणखी कशाचा काही संबंध नाही. डोळे बांधलेला घोडा गोठ्याकडे जातो, तसं.

मागे फक्त खुंट्या ठोकल्याचा आवाज येत होता. एकदा बाईसाहेबांचा आवाज आला, "कन्द्राती, इकडे," लांबून, डावीकडून. चालणाऱ्याने बोलायचं नसतं आणि वळायचं नसतं असा नियम आहे. नियम मी केलेला नाही.

पाय थंड लागले तेव्हा कळलं की पाण्यात उभा आहे. हात पुढे केला तर फुटका धोंडा.

ढेप खाली ठेवली. वळून पाहिलं तर सगळं गाव उघड्या डोक्याने गवतात गुडघ्यांवर बसलेलं. माझ्यापुढे नव्हे. ते मला कळतं. पण मी तिथेच उभा असल्यामुळे फार विचित्र दिसत होतं.

शुब्निकोव साहेबांनी चष्मा पुसला आणि चाललेली रेघ लिहून घेतली. बाईसाहेब काही म्हणू लागल्या तेव्हा ते म्हणाले, "आपण माझ्यासमोर मान्य केलंत, बाई." दुपारी गावाने एकेक करून फुल्या मारल्या. जे वर्षभर कागदाला हात लावायला तयार नव्हते ते रांगेत ढकलाढकली करत होते.

१० मे

उस्तीन्याला खुंट्या न दिसण्याचं कारण समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "हो, चिखलच होता." आणि माझा कोट घासायला बसली. वर्षानुवर्षांत प्रथमच तिने माझं म्हणणं वाद न घालता मान्य केलं, आणि त्यानेच मला सगळ्यात जास्त वैताग आला.

१८ मे

बाईसाहेबांनी मला मोकळं केलं आहे. फेब्रुवारीपर्यंत थांबायची गरज नाही म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुला मी माणसात आणलं, कन्द्राती," एवढंच. छोट्या घराविषयी मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. पितळी यंत्र हवेलीचं असल्यामुळे परत करावं लागलं. पेटीत ठेवण्यापूर्वी घासून दिलं. कारकुनाला भिंगावर बोट लावू नये म्हणून सांगितलं. त्याने माझ्यासमोरच लावलं.

झारने दिलेली मुक्ती सगळ्यांना मिळाली. मला तेवढी हाकलून मिळाली.

सामान एका हातगाडीत मावलं.

४ जून

गेरासिमच्या घरी आहोत. एका खोलीत नऊ माणसं, दोन कोकरं, आणि चहाचा सामोवार जो मध्येच शिट्टी घालतो. मी त्याची तोटी दुरुस्त करून दिली, आता तो सतत शिट्टी घालतो.

गावकीने माझ्या जमिनीचा विषय घेतला. मी घ्यायला सांगितलेला नव्हता. चार तास भांडून ठरवलं की द्यायची नाही, माणशी हिस्से आधीच अपुरे आहेत. हे बरोबर आहे, मीही तेच म्हणालो असतो. मग तेच लोक पाणावल्या डोळ्यांनी माझ्या हाताला हात लावून गेले आणि कोणी अंडी ठेवली, कोणी दही. जमीन नाही, दही. एक म्हातारी मला ओवाळल्यासारखं बघत म्हणाली, खरा माणूस, मातीला घाबरणारा. मी म्हणालो, आजी, मी घाबरलो नव्हतो, मला दिसत नव्हतं. ती म्हणाली, देव असंच करतो.

यापेक्षा खुंट्या चोरत होते ते बरं होतं.

नऊम आजोबा संध्याकाळी कुंपणाशी येऊन बसतात. आज म्हणाले, गुरं पाण्यावर जाताना ऐकू येतात, घंटा सरळ जातात, मध्ये थांबत नाहीत. आणि गाई सोडवायला पेरणीवर गेलेली माणसं घरी परत आली आहेत. हे लिहिण्यासारखं आहे म्हणून लिहिलं.

३० जून

काल संत पीटरचा दिवस झाला, आज गवत कापायला सुरुवात. पाचरीचं गवत घरटी वाटायचं. गावकीने मला वाटणी करायला बोलावलं. मोजायला काय, तर दोरी. ओली झाली की वाढते, वाळली की आकसते, आणि प्रत्येक घराला वाटतं शेजाऱ्याच्या वेळेला ओली होती. मी दोरी फेकून दिली आणि लाकडी काठी वावाच्या, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या, मापाने तासून घेतली. दोन टोकं धरायला दिलेली माणसं एक गप्पिष्ट आणि एक झोपाळू. तरी केलं.

करता करता दलदलीपाशी, मी गवत बसवलेल्या जागी, आलो आणि हातातली काठी तशीच राहिली. इथे नव्या हद्दीच्या खुंट्या बाहेरून वळसा घेतात. चालताना पाय दलदल टाळून हवेलीच्या बाजूने फिरले असणार, लहानपणी गाय रुतू नये म्हणून फिरायचे तसे. दोन वाव. पुन्हा मोजलं. पूर्ण दोन वाव गवत गावाकडे जास्त आलेलं.

गेरासिमला बाजूला घेऊन सांगितलं.

"दोन वावांत काय जातं, दाजी?"

"खरं जातं. मी उद्याच शुब्निकोव साहेबांना कळवतो. हद्द तेवढी आत घ्यावी लागेल."

"वेड लागलं का? माती डोक्यावर असताना चाललेली हद्द ती. ती काठीने हलवायची?"

"चूक ती चूक. आपल्या फायद्याची असली म्हणून काय झालं?"

"आपल्या," गेरासिम म्हणाला, आणि विळा धारेला लावत हसत बसला. यात हसण्यासारखं काय होतं ते त्यालाच ठाऊक.

जेवणं झाल्यावर कागद घेऊन बसलो. उस्तीन्या पलीकडे राईची भाकरी फडक्यात गुंडाळत होती. तिने विचारलं, कोणाला लिहिताय?

"मध्यस्थ साहेबांना. मी दलदलीपाशी दोन वाव चुकलो."

तिने भाकरी कपाटात ठेवली, फडकं झटकलं, घडी घातली.

"कशापासून?"

मी म्हणालो, कशापासून म्हणजे? हद्दीपासून.

"हद्द तर तुम्ही चाललात तीच ना? मग कशापासून चुकलात?"

हा अडाणी प्रश्न आहे. मोजणी न कळणारं माणूसच असा प्रश्न विचारू शकतं. ती झोपायला गेली तेव्हा कागदावर 'महोदय' लिहून झालं होतं. अजून तेवढंच आहे. पिसाची लेखणी मी दोनदा तासली, आता तिसऱ्यांदा तासायला घेतो.